टर्मिनलचा संथपणा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

टर्मिनलच्या खिडकीतून मजकुराच्या ओळी भराभर सरकू लागल्या आणि ती खिडकी रेंगाळली, म्हणजे तिच्याविषयी जी कैफियत मांडली जाते तिच्या मुळाशी बहुधा एकच समजूत असते : हे ना चित्र ना चलच्चित्र, निव्वळ मजकूर, 1978 साली निघालेल्या व्हीटी-100 या यंत्राला जे साधत होते ते आजच्या बलाढ्य संगणकाला का साधू नये? प्रश्न रास्त आहे. तुलना मात्र फसवी आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या त्या यंत्राच्या पडद्यावर 24 ओळी आणि प्रत्येक ओळीत 80 अक्षरे, म्हणजे अवघी 1920 घरे होती. सेकंदाला 9600 बिट या गतीने मजकूर आला तरी तेवढी भरण्यास दोन सेकंद लागत. अक्षरांच्या आकृती यंत्रातच कायमच्या साठवलेल्या असत, आणि ओळी वर सरकवण्यासाठी पुढील ओळ मेमरीत कोठे आहे एवढा पत्ता बदलला की भागत असे. आजच्या खिडकीला लाखो बिंदू रंगवावे लागतात, फॉन्टच्या वक्ररेषांतून अक्षर घडवावे लागते आणि त्याच्या कडा पार्श्वभूमीच्या रंगात मिसळाव्या लागतात.

तथापि एवढ्यावरून हे सारे कष्ट अपरिहार्य आहेत असे मानणे हा दुसरा गैरसमज होय. सामान्य पडदा सेकंदाला 60 वेळा, म्हणजे सुमारे 16.7 मिलिसेकंदांनी एकदा, नवे चित्र दाखवतो. तेव्हा सेकंदात दहा हजार ओळी आल्या तरी डोळ्यांपुढे 60 हून अधिक चित्रे येणे शक्यच नाही, आणि मधल्या ओळी रंगवण्यात गेलेला वेळ निखालस वाया जातो. हे शहाणपण नवे नाही. 1984 साली जन्मलेल्या एक्सटर्म या टर्मिनलमध्ये अनेक ओळी एकदम उडी मारून सरकवण्याची सोय आहे आणि ती मुळातच चालू असते.

ग्राफिक्स कार्डाकडे काम सोपवले की तक्रार आपोआप मिटते, हा समज तर सर्वांत चिवट. 2021 साली केसी मुराटोरी या प्रोग्रामरने मायक्रोसॉफ्टच्या विंडोज टर्मिनलमध्ये रंगीत मजकूर फार हळू उमटतो अशी तक्रार जाहीरपणे गुदरली. ग्राफिक्सची आधुनिक सामग्री त्या टर्मिनलच्या दिमतीला होतीच. तरीही त्याने सुचवलेला उपाय म्हणजे डॉक्टरेटच्या संशोधनाचा विषय आहे, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. त्यावर त्याने थोड्याच दिवसांत रेफटर्म नावाचा नमुना लिहून दाखवला. त्यातील युक्ती छापखान्यातल्या खिळ्यांची : अक्षर एकदाच ओतायचे आणि पुढे तोच खिळा पानोपानी जुळवायचा. घडवलेली आकृती साठवून ठेवून तिची केवळ नक्कल करीत गेल्याने वेग कित्येक पटींनी वाढला, आणि पुढे मायक्रोसॉफ्टनेही त्याच धर्तीची रचना आपल्या टर्मिनलमध्ये आणली. सामग्री तीच असता एवढा फरक पडावा, यातच दोष कोणाचा याचा निवाडा झाला असे मला वाटते.

मागील ओळींचा साठा मोठा ठेवल्याने सरकणे मंदावते, असेही म्हटले जाते. साठ्याने मेमरी व्यापते खरी, पण नवी ओळ दाखवताना तो सारा साठा चाळावा लागत नाही. खिडकीची रुंदी बदलून जुन्या ओळी पुन्हा मोडाव्या लागल्या तरच त्याचा भार जाणवतो.

उलट ज्याकडे कोणाचे लक्ष जात नाही ती गोष्ट अशी, की संथ टर्मिनल हा केवळ नेत्रांचा उपद्रव नाही. प्रोग्राम आणि टर्मिनल यांच्यामध्ये कर्नेलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, राखलेला साठा थोड्या किलोबाइटांचाच असतो. टर्मिनलने तो वेळेवर उचलला नाही तर लिहिणारा प्रोग्राम तेथेच तिष्ठत राहतो, आणि आपण मात्र प्रोग्रामलाच मंद ठरवून मोकळे होतो. रुजुवात करणे सोपे आहे. मोठी फाइल कॅट आज्ञेने टर्मिनलमध्ये ओतून टाइम आज्ञेने वेळ मोजावा, आणि मग तीच फाइल डेव्ह-नलकडे, म्हणजे आलेले सारे गिळून टाकणाऱ्या पोकळीकडे, वळवून पुन्हा मोजावा. दुसऱ्या खेपेस वेळ नाममात्र लागला, तर फाइल वाचण्याचे काम निर्दोष समजावे. तिसऱ्या खेपेस फाइल पुन्हा टर्मिनलमध्येच ओतून खिडकी मिनिमाइझ करून पाहावी : तेवढ्यानेच वेळ घटला तर खोटी रंगवण्यात आहे, आणि अशा वेळी नवा संगणक घेण्याआधी दुसरा टर्मिनल किंवा साधा बिटमॅप फॉन्ट अवश्य वापरून पाहावा.