तारेखालची उमेदवारी

भारतातील पहिली विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला अशी धावली. तेव्हा तारेत १,५०० व्होल्टचा दाब होता. आज देशातील रेल्वेमार्गांवर तो २५,००० व्होल्ट आहे.

या तारांची निगा राखणाऱ्या कामगाराच्या उमेदवारीत खांबावर चढणे, तार ताणणे हे येतेच; परंतु पहिला पाठ असतो तो अविश्वासाचा. वीज बंद केली, एवढ्याने तार निर्धोक होत नाही. शेजारच्या मार्गावरील तारेत वीज खेळत असेल, तर तिच्या प्रभावाने बंद तारेतही प्राणघातक दाब उत्पन्न होतो. म्हणून लेखी परवाना मिळाल्यावरही कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंस तार जमिनीशी जोडावी लागते. जोडताना आधी रुळाकडील टोक, मग तारेकडील. काढताना नेमके उलट. हा क्रम चुकला, तर विजेला जमिनीची वाट कामगाराच्या देहातूनच सापडते.

गाड्या खोळंबलेल्या असतात, मिळालेली मिनिटे सरत असतात. अशा वेळी घाई न करण्याची सवय पुस्तकातून येत नाही. जुन्या लाइनमनच्या नजरेखाली तोच क्रम पुनःपुन्हा गिरवावा, तेव्हाच ती हाताला लागते.