सायकलीला बाजूचाही दिवा हवा



गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॉलीला आणि बैलगाडीला रिफ्लेक्टर लावा, असे दरवर्षी सांगितले जाते, आणि आता बहुतेक जण लावतातही. पण त्याच रस्त्याने पहाटे डेअरीला दूध घालायला जाणाऱ्या सायकलीकडे कुणाचे लक्ष नसते. शेतीपंपाची वीज रात्रीची असली की मोटार चालू करायला माणूस सायकलवर टांग टाकून मळ्यात जातो, तोही असाच अंधारातून. पुढे दिवा आहे, मागे लाल काच आहे, मग अजून काय पाहिजे, अशी आपली समजूत. बाजूने येणाऱ्या गाडीला ही सायकल दिसते का, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर घाट उतरून राजापूरला जावे. आपल्या भागातल्या पुष्कळांचे तिकडे जाणे-येणे आहे. कुणी उन्हाळे गावच्या गंगेला जातो, कुणाची सोयरीक तिकडची. अणुस्कुरा घाट उतरला की पाचल लागते, पुढे ओणीला मुंबई-गोवा महामार्ग मिळतो, आणि मग राजापूर. अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या काठचे हे गाव खोलगट जागेत वसलेले आहे. तालुक्यात सपाट रस्ता शोधून सापडायचा नाही. वाडीतून निघालेला रस्ता चढतो, वळतो आणि महामार्गाला येऊन मिळतो. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वर झाडी. पूर्वीचा १७ क्रमांकाचा हा महामार्ग आता ६६ क्रमांकाचा झाला, चौपदरी झाला, आणि गाड्यांचा वेग वाढला.

आता तिथला सायकलवाला डोळ्यांपुढे आणा. चढ आला की तो खाली उतरतो आणि सायकल हाताने ढकलत नेतो. दिवा डायनामोचा असेल तर चाक मंदावले की तो मिणमिणतो, थांबले की विझतो. म्हणजे चढ संपवून, धापा टाकत तो फाट्यावर उभा राहतो, तेव्हा त्याच्याजवळ उजेडच नसतो. रस्ता ओलांडताना सायकल आडवी होते. समजा, दिवा सेलवरचा आहे आणि चालू आहे; तरी त्याचा झोत समोरच्या वाडीकडे असतो आणि मागची लाल काच मागच्या वाडीकडे. महामार्गावरून येणाऱ्या ट्रकवाल्याच्या वाट्याला येते ती फक्त सायकलीची काळी बाजू!

थोडा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सव्वा सेकंद धरला तर वीसेक मीटर त्यातच गेले. पुढे कोरड्या डांबरावर गाडी थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर. एकूण ४५ मीटर धरा. ओल्या रस्त्यावर याहून जास्त, आणि कोकणातला पाऊस तर तुम्हाला ठाऊक आहे. गाडी एवढ्या अंतरावर असते तेव्हा ताशी १२ किलोमीटरने येणारी सायकल टक्कर होण्याच्या जागेपासून अजून नऊ मीटर बाजूलाच असते. हेडलाइटचा उजेड तिथवर धड पोचत नाही. त्यातही आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणून डिपर केलेल्या दिव्याचा झोत डाव्या कडेला लांब जातो आणि उजवीकडे आखूड पडतो. उजवीकडून येणारा सायकलवाला त्यामुळे आणखी उशिरा दिसतो.

आपल्याकडे गडगे नाहीत म्हणून खुशाल राहू नका. आपला गडगा म्हणजे ऊस. तोड होईपर्यंत पुरुषभराहून उंच ऊस रस्त्याला खेटून उभा असतो, आणि बांधावरची वाट थेट डांबरी रस्त्यावर तोंड काढते.

गंमत अशी की जुन्या लोकांची सोय याबाबतीत बरी होती. बैलगाडीच्या आखाला टांगलेला कंदील चारी बाजूंना दिसायचा. हँडलला कंदील अडकवून जाणारा सायकलवालाही बाजूने दिसायचा. कार्बाइडच्या जुन्या सायकल-दिव्यांना तर दोन्ही अंगांना छोटी रंगीत भिंगे असत, डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवे, जहाजासारखी. विजेचा दिवा आला, समोरचा झोत लख्ख झाला, आणि बाजू मात्र अंधारात गेली.

बाहेर देशांत याचा विचार आधीच झाला. नेदरलँड्समध्ये सायकली अमाप. तिथे १९८७ पासून चाकाच्या बाजूला चमकणारे कडे सक्तीचे आहे. जर्मनीतही आऱ्यांना पिवळे रिफ्लेक्टर किंवा टायरला चमकणारे पांढरे कडे लागते. आपल्या केंद्र शासनानेही सायकलीच्या रिफ्लेक्टरच्या दर्जाबाबत २०२० साली आदेश काढला. पण आपल्या घरातली सायकल बहुधा वडिलांच्या वेळची. तिचे आपणच बघायला हवे.

सर्वांत स्वस्त उपाय चमकणाऱ्या पट्टीचा. काळ्या देशी सायकलीला सळईचे ब्रेक असतात. त्यांचे रबर रिमला आतून लागते, म्हणून रिमच्या बाजू मोकळ्या राहतात. तिथे पट्टीचे तुकडे गोल चिकटवावेत. चिमट्याचे ब्रेक असतील तर रिमवर पट्टी लावू नका, ब्रेक लागणार नाही. ती मडगार्डच्या बाजूला किंवा आऱ्यांवर लावा. फिरणारी दोन कडी दिसली की ड्रायव्हर ओळखतो, ही सायकल. पायडलचे पिवळे रिफ्लेक्टर पुढून-मागून दिसतात, बाजूने नाही, त्यांच्यावर विसंबू नये.

पट्टीची एक मर्यादा आहे. ती आलेला उजेड परत पाठवते, स्वतःचा तिला नाही. झोत अंगावर पडेपर्यंत ती गप्प. म्हणून जोडीला स्वतःचा दिवा हवा, आणि तो सायकल उभी असतानाही जळला पाहिजे. बाजारात तयार मिळतात. पण घरात रेडिओ-टेपरेकॉर्डर खोलून बसणारा एखादा पोरगा असेल तर त्याच्याकडून असा करून घ्या: तीन पेन्सिल सेल एका डबीत, म्हणजे साडेचार व्होल्ट. त्यावर दोन पिवळे एलईडी, प्रत्येकाला स्वतंत्र १५० ओहमचा रेझिस्टर. एलईडीचा लांब पाय अधिक टोकाला. टोकाचा गोल भाग पॉलिश पेपरने घासून धुरकट केला की उजेड एका रेषेत न जाता पसरतो. एक डावीकडे, एक उजवीकडे तोंड करून सीटखाली बांधा. फिरणारी मांडी त्याच्या आड येत नाही ना, ते पाहा. चांगल्या अल्कलाईन सेलवर पन्नासेक तास चालतो. रोज तास धरला तर दीड महिना सहज निघतो. पिवळाच का? पांढरा म्हणजे पुढची बाजू, लाल म्हणजे मागची, ही रस्त्याची रीत आहे, ती मोडू नये.

अर्थात गडग्याच्या किंवा उसाच्या आड असेपर्यंत कोणताही दिवा दिसत नाही. तोंडाशी थांबावे, दोन्हीकडे बघावे, मगच निघावे. दिवा आहे तो त्यापुढच्या दहा सेकंदांसाठी, आडवी सायकल ढकलत पलीकडे जाईपर्यंत.

दोन ट्रॉल्या जोडून शेतातून रस्त्यावर काढणाऱ्यांनीही आपल्या ट्रॉलीची बाजू एकदा रात्री पन्नास पावलांवरून बॅटरी मारून बघावी. मागचे रिफ्लेक्टर झकास असतील, बाजूचे पाचटाने झाकलेले किंवा चिखलाने माखलेले सापडतील. ओल्या फडक्याने पुसायला वेळ लागत नाही.

डबीच्या फटी एम-सीलने बुजवा आणि तार बाहेर येते ते भोक खालच्या बाजूला ठेवा. हंगाम संपल्यावर सेल काढून ठेवायचे. पावसाळाभर आत राहिले तर पाझरतात आणि पत्र्या खातात.