फाइल नेमकी अडते कुठे? टोयोटाचे ‘लीन’ सूत्र तहसील कार्यालयाला लागू पडते का?

काम २२ मिनिटांचे आणि दाखल्याला मात्र १५ दिवस. मधल्या वेळात कागद काय करतो? ‘लखीना पॅटर्न’ ते ‘१०० दिवस’ मोहीम, समजून घ्या सरकारी टेबलावरच्या सुधारणांचे गणित

कळंब : दहावी-बारावीचे निकाल लागले की तालुक्याच्या ठिकाणी दाखल्यांसाठी झुंबड उडते. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून, नॉन-क्रिमिलेअर आणि जातीचा दाखला उपविभागीय कार्यालयातून. नेमक्या याच दिवसांत पेरणीची घाई असते. येरमाळा, शिराढोण, मोहा किंवा इटकूरहून कळंबला आलेल्या माणसाला ‘उद्या या’ असे सांगितले, तर त्याचा दिवस जातो, मजुरी बुडते आणि गाडीभाडे पुन्हा लागते. प्रवेशाची शेवटची तारीख हुकली तर मुलाचे वर्ष जाते.

अशा वेळी दोन उत्तरे ठरलेली असतात. नागरिक म्हणतात, कर्मचारी काम करत नाहीत. कर्मचारी म्हणतात, माणसे कमी आहेत. दोन्हींत काही तथ्य असू शकते. मात्र कामकाज सुधारणेचे शास्त्र तिसराच प्रश्न विचारते : कागद कोणत्या टेबलावर, किती वेळ नुसता पडून राहतो?

‘लीन’ म्हणजे नेमके काय?

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या टोयोटा कंपनीकडे ना पैसा होता, ना जागा. ताइची ओनो या अभियंत्याने कारखान्यातील प्रत्येक हालचाल तपासली आणि ग्राहकाच्या उपयोगाची नसलेली गोष्ट ‘मुदा’, म्हणजे वाया जाणारी, ठरवून कमी करत नेली. या पद्धतीला ‘लीन’ हे नाव १९८८ मध्ये जॉन क्राफसिक या संशोधकाने दिले. छोट्या छोट्या सुधारणा रोज करत राहण्याची ‘कायझेन’ ही कल्पना मासाआकी इमाई यांच्या १९८६ च्या पुस्तकामुळे जगभर पोहोचली.

मराठवाड्याला टोयोटा आता परकी राहिलेली नाही. छत्रपती संभाजीनगर येथे प्रकल्प उभारण्यासाठी टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. लघुउद्योगांनी ही पद्धत स्वीकारावी म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये नव्या रूपात ‘लीन’ योजनाही सुरू केली. कारखान्यातील हाच हिशेब कार्यालयातही मांडता येतो.

कार्यालयात काय वाया जाते?

- वाट पाहणे : सहीसाठी, अहवालासाठी, ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ म्हणून थांबलेला कागद.
- फिरणे : एकच फाइल चार टेबलांवर जाऊन पुन्हा पहिल्या टेबलावर येणे. नागरिकाचे हेलपाटेही यातच धरायचे.
- साठा : टेबलाखाली, कपाटावर, लॉगिनमध्ये साचलेले अर्ज.
- दुरुस्ती : कागद कमी आहे हे दहाव्या दिवशी कळणे आणि सगळे पहिल्यापासून सुरू होणे.
- नको इतकी प्रक्रिया : ऑनलाइन अर्ज केल्यावर पुन्हा त्याचीच छापील प्रत मागणे.
- नको ते उत्पादन : कोणीही न वाचणारे मासिक अहवाल.

१५ दिवसांपैकी काम किती मिनिटांचे?

उदाहरणादाखल एक दाखला घेऊ. लिपिकाने कागद तपासायला १० मिनिटे, अव्वल कारकुनाला ५, नायब तहसीलदारांना ५ आणि अंतिम मंजुरीला २ मिनिटे धरली, तर एकूण काम २२ मिनिटांचे. दाखला १५ कामकाजी दिवसांनी मिळाला आणि दिवस आठ तासांचा धरला, तर मधला काळ होतो ७,२०० मिनिटे. म्हणजे दर हजार मिनिटांत प्रत्यक्ष काम जेमतेम तीन मिनिटांचे. बाकी सगळा वेळ कागद रांगेत.

लिपिकाने दुप्पट वेगाने काम केले तरी १५ दिवसांतून वाचतील पाच मिनिटे. त्यामुळे ‘हात चालवा’ असे दटावून फारसा फरक पडत नाही. रांग कमी झाली तरच दिवस कमी होतात.

रांगेचेही साधे सूत्र आहे. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी ते गणिताने सिद्ध केले : प्रलंबित अर्ज = रोज येणारे अर्ज × लागणारे दिवस. रोज ४० अर्ज येत असतील आणि प्रत्येकाला १५ दिवस लागत असतील, तर कार्यालयात कायम ६०० अर्ज पडून राहणार. आता रोज ४० येतात आणि ४०च निघतात, असे असेल तर कर्मचारी आजच्या कामाला पुरेसे आहेत. फक्त ते १५ दिवसांपूर्वीचे काम आज करत आहेत. हा जुना तुंबा एकदा जोर लावून काढला, तर पुढचे अर्ज त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी निघू शकतात.

रोज ५० येत असतील आणि ४० निघत असतील, तर गोष्ट वेगळी. महिन्याच्या २२ कामकाजी दिवसांत २२० अर्जांची भर पडते. तिथे मोहीम पुरत नाही. हंगामापुरती जादा माणसे द्यावी लागतात किंवा रिक्त पदे भरावी लागतात. म्हणून आवक-जावक रोज मोजल्याशिवाय कोणाची बाजू खरी, हे ठरत नाही.

महाराष्ट्रात हे आधी कोणी केले?

१) लखीना पॅटर्न : १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाची रचनाच बदलली. अभिलेखांची वर्गवारी, बसण्याची सोयीची मांडणी, कोणी काय करायचे याची लेखी स्पष्टता यांवर त्यांनी भर दिला. जपानी कारखान्यांत ‘फाइव्ह एस’ म्हणून ओळखली जाणारी शिस्त, म्हणजे नको ते काढा, उरलेले जागेवर लावा, स्वच्छ ठेवा, पद्धत ठरवा आणि ती टिकवा, याच जातकुळीची आहे.

२) सहा गठ्ठा पद्धत : राज्यातील कोणत्याही जुन्या लिपिकाला ही पद्धत तोंडपाठ असते. कार्यवाही करायची प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे कागद असे सहा गठ्ठे. टेबलावरच्या ढिगात आज करायचे काम किती, हे त्यामुळे एका नजरेत कळते.

३) झिरो पेंडन्सी : पुण्याचे तत्कालीन विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी २०१७ मध्ये पुणे विभागात ‘झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल’ मोहीम राबवली. नावातच दोन टप्पे आहेत. आधी तुंबा शून्यावर आणायचा, मग रोजचे काम रोज संपवायचे. वरचे सूत्रही तेच सांगते. पहिला टप्पा करून दुसरा सोडला, तर काही महिन्यांत रांग पुन्हा उभी राहते.

४) १०० दिवस : मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयीन सुधारणांचा सात कलमी कार्यक्रम दिला. संकेतस्थळ, सुकर जीवनमान, स्वच्छता, तक्रार निवारण, कार्यालयातील सुविधा, गुंतवणुकीला चालना आणि क्षेत्रीय भेटी ही ती कलमे. मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेने केले. त्यानंतर १५० दिवसांचा ई-गव्हर्नन्सवर भर देणारा कार्यक्रम आला.

जुने दप्तर लावण्याला एवढे महत्त्व का?

मराठवाड्याला याचे उत्तर २०२३ मध्ये मिळाले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकाळातील दप्तरे उघडावी लागली. अनेक कागद उर्दू आणि मोडीतले. एखाद्या कुटुंबाचा दावा अशा एका पानावर अवलंबून असतो. ते पान सापडायला किती वेळ लागेल, हे अभिलेख कक्ष कसा लावला आहे यावर ठरते. गठ्ठ्यावर वर्ष, गाव आणि क्रमांक आहे की नाही, हा तेव्हा केवळ टापटिपीचा प्रश्न राहत नाही.

‘सकारात्मक’ पद्धत म्हणजे कौतुक सोहळा का?

तसे नाही. आढावा बैठकीत साधारण मागे पडलेल्यांना उभे केले जाते. सकारात्मक पद्धती उलट बाजूने सुरुवात करतात. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील डेव्हिड कूपररायडर आणि सुरेश श्रीवास्तव यांनी १९८७ मध्ये मांडलेली ‘अप्रिशिएटिव्ह इन्क्वायरी’ विचारते : आपल्याकडे काय उत्तम चालते, आणि ते कशामुळे?

दुसरे उदाहरण व्हिएतनामचे. १९९० च्या सुमारास जेरी आणि मोनिक स्टर्निन हे दांपत्य तिथे बालकुपोषणावर काम करायला गेले. पैसा बेताचाच. त्यांनी गरीब असूनही मुले सुदृढ असलेली घरे शोधली. त्या घरांतील आया भातखाचरातील लहान कोळंबी, खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या जेवणात घालत होत्या आणि दिवसातून जास्त वेळा थोडे थोडे भरवत होत्या. उपाय गावातच होता. इतर घरांनी तो स्वतः करून पाहिला आणि पसरवला.

तालुक्यात हे कसे करता येईल? फेरफाराची नोंद घेतल्यावर हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत द्यावीच लागते. तो काळ कायद्याने राखलेला आहे, त्याला वाया गेलेला म्हणता येत नाही. पण मुदत संपल्यावर एका सज्जात नोंद लगेच मंजूर होत असेल आणि शेजारच्या सज्जात महिना जात असेल, तर पहिल्या सज्जाचे ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, नेमके काय वेगळे करतात? नोटीस त्याच दिवशी बजावतात? मुदत संपण्याची तारीख वहीत लिहून ठेवतात? मंडळ अधिकाऱ्यांचा वार ठरवून घेतात? माणसे तेवढीच, साधने तीच. त्यामुळे ‘आमच्याकडे जमणार नाही’ ही सबब उरत नाही, आणि शिकवायला बाहेरचा सल्लागारही लागत नाही.

मोहीम फसते कुठे?

पहिला धोका रंगरंगोटीचा. भिंत रंगवली, कुंड्या ठेवल्या, फलक लागला, पण कागदाचा रस्ता तोच राहिला. दुसरा धोका आकड्यांचा. प्रलंबित संख्या कमी दाखवण्यासाठी अर्ज ‘त्रुटी’ म्हणून परत पाठवला, तर कार्यालयाची रांग घटते आणि नागरिकाची वाढते. म्हणून निकाली अर्जांसोबत पहिल्याच फेरीत मंजूर झालेले अर्ज किती, हेही मोजायला हवे. कागद पूर्ण आहेत का, हे अर्ज घेतानाच तपासले तर बहुतांश त्रुटी तिथेच संपतात.

तिसरा धोका ‘लीन’चा अर्थ नोकरकपात असा घेण्याचा. टोयोटाच्या पद्धतीत काम करणाऱ्याचा आदर हा पाया आहे. सुधारणा सुचवली की आपलीच खुर्ची जाईल, अशी भीती असेल तर कोणीही तोंड उघडणार नाही.

नागरिकांच्या हातात काय?

- विलंब प्रतिबंध अधिनियम, २००५ : सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाचा संबंध नसेल तर ४५ दिवसांत, असेल तर तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित.
- लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ : अधिसूचित सेवेसाठी ठरलेली मुदत. अर्जाची पोच मागा, तिच्यावरील क्रमांक जपून ठेवा.
- मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिले अपील त्याच विभागातील वरिष्ठांकडे, नंतर दुसरे अपील, शेवटी राज्य सेवा हक्क आयोग.
- सबळ कारणाशिवाय सेवा न दिल्यास संबंधित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद.

धाराशिव जिल्हा २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. त्यामुळे इथे आकडे गोळा होण्याची सवय आहे. त्यात एका रकान्याची भर घालता येईल : एका दाखल्यासाठी माणसाला किती वेळा यावे लागले? कोणतीही मोहीम यशस्वी झाली की नाही, हे त्या रकान्यातील आकड्यावरून गावातल्या कोणालाही सांगता येईल.