गाळावर वसलेलं पाखरांचं गाव

निफाडचा पारा घसरला की द्राक्षबागायतदार रात्री बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. त्याच दिवसांत शनिवार-रविवारी नाशिक, पुणे, मुंबईच्या पक्षिनिरीक्षकांच्या गाड्या चापडगावची वाट धरतात. तिथल्या नांदूर मध्यमेश्वर जलाशयाचं पाणी तेव्हा पाखरांनी भरलेलं असतं.

हे पाणी मात्र पाखरांसाठी अडवलेलं नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोदावरी-कादवा संगमाजवळ सिंचनासाठी बंधारा बांधला गेला. दर पावसाळ्यात पुराबरोबर गाळ आला आणि बंधाऱ्यामागे साचत गेला. पाणीसाठा घटला. सिंचनाच्या हिशेबात हा निव्वळ तोटाच. पण त्याच गाळाची बेटं झाली, उथळ पाण्यात पाणकणीस आणि पाणवनस्पती माजल्या, आणि पाणपक्ष्यांना खाणं व आडोसा एकाच ठिकाणी मिळाला. डॉ. सालिम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं. 1986 मध्ये अभयारण्य झालं, आणि 2020 च्या जानेवारीत राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून त्याची घोषणा झाली.

काठावरच्या निरीक्षण मनोऱ्यावरून नुसती नजर फिरवली तर सगळी बदकंच वाटतात. दुर्बीण एकाच थव्यावर स्थिर ठेवली की पाण्याची वाटणी कळू लागते. थापट्या आपली पसरट चोच पाण्याच्या पृष्ठभागावर फिरवत राहतो. चोचीच्या कडांना कंगव्यासारखे दाते असतात, त्यांतून पाणी निथळतं आणि बारीक जीव आत राहतात. तलवार बदक शेपूट वर करून, लांब मान तळापर्यंत नेऊन चरतं. काळा वारकरी बदकांच्या कुळातला नाहीच, तो पाणकोंबड्यांचा नातलग. बोटांना झालरीसारखे पडदे असल्यामुळे तो चांगला पोहतो, पण उडायचं झालं की आधी पाण्यावरून बराच पळत सुटतो. दलदली हारिण वरून घिरटी घालू लागला की हा सगळा पसारा एकदम हलतो.

या पाहुण्यांमध्ये सर्वांत थोर प्रवासी पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस तिबेट-मंगोलियाच्या सरोवरांकाठी वीण करतो आणि हिमालय ओलांडून भारतात उतरतो. उपग्रहाशी जोडलेल्या यंत्रांनी त्याची 7,290 मीटरवरची उड्डाणं नोंदवली आहेत. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतलाही ऑक्सिजन घट्ट धरतं. एवढं अंतर कापून आलेला पक्षी काठावर निवांत गवत खुडताना पाहणं, यासाठी पहाटेची थंडी सोसावीच.

इथलं पाणी आजही आधी कालव्यांचं आहे. गंगापूर, दारणा धरणांतून सोडलेलं पाणी बंधाऱ्याशी येतं आणि आवर्तन, म्हणजे सिंचनासाठीची पाण्याची पाळी, सुटलं की कोपरगावकडे निघतं. पातळी एखाद-दोन फूट बदलली तरी उथळ जागा सरकतात, आणि पाखरंही सरकतात. वरच्या अंगाच्या नाशिक शहराचं सांडपाणी आणि शेतांतली खतं पाण्यात उतरतात, त्यांच्यावर जलपर्णी पोसते. ती पाणी झाकून टाकते तेव्हा बदकांना चरायला जागाच उरत नाही. शेती आणि पाखरं दोन्ही याच पाण्यावर जगतात, म्हणून आवर्तनाचं वेळापत्रक आखताना हिवाळी पाहुण्यांचाही विचार व्हायला हवा.

जाणाऱ्यांनी सूर्योदयालाच मनोरा गाठावा, गावातल्या तरुण गाइडला सोबत घ्यावं, छायाचित्रासाठी थवा उठवू नये. दिसलेले पक्षी संख्येसह टिपून ठेवावेत. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते आणि ती अशाच हौशी लोकांच्या नोंदींवर चालते. येत्या जानेवारीत जवळच्या तळ्यापासून सुरुवात करा.