कांद्याचा थेंब, साखरेची गोळी

होमिओपॅथी समजून घ्यायची तर आमच्या नगर जिल्ह्यात सुरुवात कांद्यापासून करावी. नेप्तीच्या उपबाजारात कांदा निवडणाऱ्या कुणाही बाईला विचारा, कांदा चिरला की काय होतं? डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, शिंकांवर शिंका. आता एखाद्याला नेमकी अशीच सर्दी झाली, तर होमिओपॅथीच्या हिशेबाने त्याचं औषधही कांदाच. आमच्या कपाटात तो ‘ॲलियम सेपा’ या नावाने बाटलीत बसलेला असतो. धडधाकट माणसात जो पदार्थ जी लक्षणं उठवतो, तोच अगदी थोड्या मात्रेत तशाच लक्षणांच्या रोग्याला द्यायचा. सगळी पद्धत या एका सूत्रावर उभी आहे.

मी बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीची पदवीधर. नगर-कल्याण रस्त्यालगतच्या एका गावात माझा दवाखाना आहे. नवा पेशंट हमखास विचारतो, ‘‘मॅडम, हे आयुर्वेदिकच ना?’’ नाही. ही पद्धत जर्मनीची. सॅम्युएल हानेमान (1755–1843) या डॉक्टरच्या काळात जळवा लावणं, शीर कापून रक्त काढणं, पारा पाजणं हे रोजचे इलाज होते. त्याला त्यांचा उबग आला होता. 1790 मध्ये कलन या स्कॉटिश डॉक्टरच्या ग्रंथाचा अनुवाद करता करता त्याने सिंकोनाची साल स्वतःच घेऊन पाहिली. ही साल हिवतापावर देत. ती घेतल्यावर आपल्याला हिवतापासारखीच लक्षणं जाणवली, असं त्याने नोंदवलं. त्यातून वरचं सूत्र निघालं आणि 1810 मध्ये त्याचा ‘ऑर्गेनॉन’ हा ग्रंथ आला. रक्त काढण्याच्या त्या जमान्यात हानेमानच्या रोग्याचं निदान रक्त तरी वाचायचं. सुरुवातीच्या लौकिकात याचा वाटा मोठा असावा.

आपल्याकडे 1839 मध्ये होनिगबर्गर नावाचा डॉक्टर लाहोरला महाराजा रणजितसिंहांच्या दरबारी हे औषध घेऊन आला. पुढे कलकत्त्याचे नामवंत डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांनी 1867 मध्ये उघडपणे होमिओपॅथीची बाजू घेतली आणि तिला प्रतिष्ठा मिळाली. आमच्या जिल्ह्यात अरणगावजवळ मेहेराबादला मेहेरबाबांचे शिष्य ‘पाद्री’ आसपासच्या गावकऱ्यांना या गोळ्या द्यायचे. आज नगरमध्येच होमिओपॅथीची महाविद्यालयं आहेत. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा हा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. शरीररचना, विकृतिशास्त्र, प्रसूतिशास्त्र हे सगळं त्यात शिकावं लागतं.

आमच्या तपासणीचा जीव केस-टेकिंगमध्ये. पाठदुखी घेऊन आलेल्या मावशींना मी विचारते, तहान किती लागते? आंघोळीला गरम पाणी लागतं की गार चालतं? खारट आवडतं की गोड? दुखणं सकाळी जास्त की रात्री? झोपेत कूस कोणती? सुरुवातीला मावशी वैतागतात. ‘‘अवं, पाठ दुखतीया, तुमी जेवणाचं काय इचारता?’’ मग हळूहळू खुलतात. पोराचं लग्न जमत नाही, बोअरचं पाणी आटलं, सोसायटीचं कर्ज थकलं, हे सगळं पाठीसोबत बाहेर येतं. या उत्तरांवरून आम्ही औषध निवडतो. त्यामुळे एकाच दुखण्याच्या दोघींना औषधं वेगळी मिळतात.

औषध तयार कसं होतं? वनस्पतीचा अर्क एक थेंब, त्यात अल्कोहोलचे 99 थेंब, मग जोरजोरात झटके. त्यातला एक थेंब पुन्हा 99 थेंबांत. असं तीस वेळा केलं की ‘30’ पोटेन्सी. कंपनीकडून ती तयारच येते. आम्ही उसाच्या साखरेच्या गोळ्यांवर चार थेंब सोडतो, बूच लावतो, बाटली हलवतो. अल्कोहोल उडून जातं, गोळी राहते.

इथेच खरी अडचण आहे. काठोकाठ भरलेल्या मुळा धरणात, म्हणजे 26 टीएमसी पाण्यात, कांद्याच्या रसाचा एकच थेंब टाकला, तर ते पाणी जेमतेम आठव्या पायरीइतकं विरळ होतं. बाराव्या पायरीच्या आसपास मूळ पदार्थाचा एखादा रेणूही उरण्याची खात्री राहत नाही. तिसावी पायरी त्याच्या कितीतरी पुढे. पाण्याला किंवा अल्कोहोलला पदार्थाची ‘आठवण’ राहते, असं सांगितलं जातं, पण रसायनशास्त्रात त्याला आधार नाही. ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने 2015 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा तिला एकाही आजारात मिळाला नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनेही 2017 मध्ये ही औषधं लिहून देऊ नयेत असं डॉक्टरांना सांगितलं.

मग लोकांना बरं का वाटतं? सर्दी आठवड्यात आपसूक जाते. संधिवात, अर्धशिशी, अंगावरची खाज यांना चढउतार असतो. दुखणं शिगेला पोचलं की माणूस डॉक्टरकडे येतो, आणि नंतरचा उतार गोळीच्या खात्यावर जमा होतो. शिवाय कुणीतरी आपलं सगळं ऐकून घेतलं, याचा दिलासा खरा असतो. आमच्यात दोन औषधांच्या मधल्या काळात ‘सॅक लॅक’ देण्याची जुनी रीत आहे. ती पुडी म्हणजे निव्वळ दुधाची साखर. तिनेही पेशंटला उतार पडल्याचं जवळपास प्रत्येक होमिओपॅथने पाहिलेलं आहे.

गावात डॉक्टर म्हणजे सुई. गोळ्यांची बाटली पाहून आजोबा नाराज होतात, ‘‘सुई नाय का देत?’’ बऱ्याच गावांत जवळचा डॉक्टर बीएचएमएसच असतो. म्हणूनच राज्याने 2014 मध्ये कायदा बदलला आणि आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा ‘सीसीएमपी’ अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथना काही मर्यादेत ॲलोपॅथीची औषधं देण्याची वाट काढून दिली. ॲलोपॅथी डॉक्टरांची संघटना आयएमए हिचा याला विरोध आहे, न्यायालयातही वाद गेला. दोन्ही बाजूंचं ऐकताना मला दिसतो तो रात्री अकरा वाजता छातीत कळ आलेला माणूस. त्याला गोळी द्यायची नसते, गाडी बोलवायची असते.

म्हणून माझे नियम साधे आहेत. प्रत्येकाचं बीपी आणि गरज असेल तर शुगर आधी तपासते. लेकराला जुलाब असतील तर ओआरएस आणि झिंक. ताप तीन दिवसांत उतरला नाही, खोकला दोन आठवड्यांवर गेला, वजन उगीच घटलं, साप चावला, की चिठ्ठी लिहून लगेच सरकारी दवाखान्यात. क्षयरोग, मलेरिया, एचआयव्ही, तान्ह्या बाळाचे जुलाब यांवर होमिओपॅथीवर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्येच बजावलं आहे.

तुम्हाला होमिओपॅथकडे जायचं असेल तर खुशाल जा. चालू औषधांची फाईल बरोबर न्या, नोंदणी क्रमांक विचारा, निदान काय ते विचारा. आणि इन्सुलिन, थायरॉईडची गोळी किंवा टीबीचा कोर्स बंद करा असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा. त्याच्या पाटीवर माझीच पदवी असली, तरीही उठा.