कॉल करण्याआधी ३०० रुपयांचा हिशेब

टेक्सस होल्डेममध्ये ब्लफ करून जेवढे पैसे जातात, त्याहून जास्त "बघू तरी काय धरलंय" म्हणून केलेल्या कॉलमध्ये जातात, असं माझं मत.

हातात बदाम राजा, बदाम नव्वी. टेबलावर चार पानं उघडी, त्यात दोन बदाम. पॉट ६००, समोरच्याने ३०० लावले. कॉल केलात तर पॉट १२०० होणार आणि त्यातले ३०० तुमचे. म्हणजे किमान २५ टक्के वेळा जिंकायलाच हवं. न दिसलेली पानं ४६, त्यात बदाम ९. शक्यता जेमतेम १९.६ टक्के. फोल्ड!

घोळ कुठे होतो? फ्लॉपला, दोन पानं यायची असताना, हीच शक्यता ३५ टक्के असते आणि तोच आकडा डोक्यात बसतो.

अपवाद एकच: बदाम लागल्यावर समोरच्याकडून आणखी साधारण ३३५ निघणार असतील. मग कॉल बरोबरीत सुटतो. पण आधी त्याच्यासमोर तेवढे चिप्स उरलेत का, ते बघा.

"आधीच एवढे घातलेत" हे तर कारणच नव्हे. पॉटमध्ये गेलेले पैसे तुमचे राहिलेले नसतात.