लाँच एका अंगाला का कलते?

कामगार संघटनेत वय घालविलेल्या माणसाने या व्यासपीठावरून बोटीच्या कलण्याविषयी बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. नौकाशास्त्र जे काही कळले, ते रात्री उसनी पुस्तके वाचून आणि दिवसा खलाशांना प्रश्न विचारून. पण हा विषय आमच्याकडे आला तो पगाराच्या चिठ्ठीतून. 2009 साली एका खाडीवरच्या प्रवासी लाँचच्या तांडेलाचा आठ दिवसांचा पगार मालकाने कापला. कारण लिहिले होते, प्रवासी नीट न बसविल्यामुळे लाँच डावीकडे कलते. तांडेल आम्हाला म्हणाला, "भाऊ, माणसं उतरल्यावरपण ती तशीच राहते हो!"

या एका वाक्यात अर्धे निदान होते. कललेल्या बोटीविषयी पहिला प्रश्न हाच विचारावा, की ती उभी असताना कलते की चालताना? चालतानाच कलत असेल आणि एंजिनाचा वेग कमी करताच सरळ होत असेल, तर दोष बहुधा वजनाचा नसतो. बोटीचा पंखा मागून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असला, तर बोटीच्या सांगाड्याला उलट दिशेचा पीळ बसतो आणि डावे अंग थोडे खाली जाते. जड लाकडी लाँचमध्ये हा कल जेमतेम जाणवतो; हलक्या, वेगवान बोटीत चांगलाच जाणवतो. वाऱ्याचाही वाटा असतो. बाजूने वारा लागला की वेगवान बोटीचा चालक नकळत सुकाणू वाऱ्याकडे धरतो आणि बोट त्याच अंगाला, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर, झुकते. पुष्कळांना ती उलट बाजूला झुकायला हवी असे वाटते आणि ते भलतीकडे दोष शोधत बसतात.

आमची लाँच मात्र धक्क्याला उभी असतानाच कलत होती. एका निवृत्त फिटरला बरोबर घेऊन आम्ही भरतीच्या वेळी गेलो. भरतीच्या वेळी अशासाठी, की ओहोटीला बोटीचे एक अंग चिखलावर टेकले असले तर सगळे मोजमाप खोटे ठरते. बांधलेले दोर सैल केले, माणसे उतरविली. मग काठीने दोन्ही बाजूंना पाण्यापासून काठापर्यंतची उंची मोजली. डावीकडे ती तीन इंचांनी कमी भरली.

त्यानंतर फळ्या उचलून तळ पाहिला. तळात साचलेले पाणी हा पहिला संशयित. आठ मीटर लांब आणि दोन मीटर रुंद जागेत दहा सेंटिमीटर पाणी साचले, तर त्या खाऱ्या पाण्याचे वजन सोळाशे किलोच्या वर जाते, म्हणजे पंचवीस माणसे फुकट प्रवास करीत असतात! शिवाय ही माणसे जागेवर बसत नाहीत. घरी परातीत पाणी भरून ती एका हाताने उचलून पाहा. परात जरा कलली की सगळे पाणी तिकडेच धावते आणि कल वाढविते. हा दोष पाण्याच्या खोलीपेक्षा पसरण्याच्या रुंदीवर अवलंबून असतो. म्हणून रुंद टाकीच्या मधोमध लांबीच्या दिशेने एक उभी भिंत घातली की पाण्याच्या या धावण्याचा उपद्रव एक चतुर्थांशावर येतो. पाणी येते कोठून, तर पंख्याच्या दांडीभोवतीच्या पॅकिंगमधून, एंजिन थंड ठेवणाऱ्या नळीतून, नाहीतर फळ्यांच्या सांध्यांतून. जुन्या पद्धतीचे पॅकिंग चालताना थोडे ठिबकायलाच हवे, पण धार लागली की ते आवळायची वेळ झाली.

तळ कोरडा निघाला. मग डिझेल पाहिले. दोनशे लिटर डिझेल म्हणजे सुमारे एकशे सत्तर किलो. एका अंगाची टाकी भरलेली आणि दुसरी रिकामी असली, तर अडीच माणसे एका बाजूला बसल्यासारखे होते. दोन टाक्यांना जोडणारी नळी उघडी राहिली, तर डिझेल आपणहून खालच्या बाजूला जाते. तेही येथे नव्हते. उजव्या बाजूला मात्र वाळूच्या चार गोण्या होत्या. कल काढण्यासाठी मालकानेच त्या ठेवायला सांगितल्या होत्या. गोण्या असूनही कल डावीकडेच! आम्ही त्या बाहेर काढल्या. दुपारी एक खलाशी उजव्या काठावर चढला तशी लाँच हळूच उजवीकडे कलली आणि तो उतरल्यावरही तिकडेच राहिली. फिटरचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "साहेब, हिला बाजू नाही. ही दोन्हीकडे पडते."

याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. बोट कलते तेव्हा खाली गेलेले अंग जास्त पाणी बाजूला सारते आणि पाणी त्या अंगाला जास्त वर ढकलते. हा रेटा बोटीला सरळ करतो, पण बोटीचे वजन खाली असेल तरच. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बुगेर याने 1746 च्या आपल्या ग्रंथात या रेट्याच्या रेषेवरील एका बिंदूला 'मेटासेंटर' हे नाव दिले. वजनाचा मध्य त्या बिंदूच्या वर गेला, की बोट सरळ उभी राहूच शकत नाही. ती डावीकडे किंवा उजवीकडे थोडी पडून तेथे टेकते. पाहणाऱ्याला वाटते, एका बाजूला ओझे जास्त झाले. तो वर उचललेल्या बाजूला ओझे ठेवतो. आणि मग ती सावकाश सरळ न होता दुसऱ्या बाजूला झोकाने आदळते.

शिकागोच्या नदीत 24 जुलै 1915 रोजी हेच घडले. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यातले कामगार बायकामुलांसह सहलीला निघाले होते. 'ईस्टलँड' बोटीवर अडीच हजारांच्या आसपास माणसे चढली होती. टायटॅनिकनंतर झालेल्या नियमांमुळे जीवरक्षक होड्या आणि तराफे वाढविले गेले होते, आणि ते ठेवले होते वरच्या मजल्यावर. बोट आधी धक्क्याकडे कलली. तळाच्या टाकीत पाणी घेऊन ती सावरली, तर दुसरीकडे कलली. शेवटी धक्क्याला बांधलेली असतानाच, वीस फूट पाण्यात, ती आडवी झाली. 844 माणसे मेली. वीस वर्षांनी, 1935 साली, अपील न्यायालयाने बोट समुद्रात जाण्यास योग्य होती असे म्हटले आणि दोष टाक्या नीट न भरणाऱ्या एंजिनिअरवर ठेवला. तो तोवर हयातही नव्हता.

अशा कललेल्या बोटीत टाकी भरायचीच तर आधी खाली गेलेल्या बाजूची भरावी, हे ऐकायला उफराटे वाटते. त्याने कल क्षणभर वाढतो, पण वजन खाली जाते आणि बोट एकदम उलट्या बाजूला फेकली जात नाही. प्रवाशांना दुसऱ्या बाजूला जा असे ओरडून सांगू नये. वर बसलेल्यांना एकेक करून खाली आणून बसवावे. 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली 'रामदास' लाटेने कलली तेव्हा घाबरलेले प्रवासी एकदम दुसऱ्या बाजूला धावले, आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्या माणसांना दोष देण्याचा आम्हाला अधिकार नाही. पाय आपोआप धावतात.

आणखी एक खूण खलाशांनी आम्हाला शिकविली. निरोगी बोट डुलते ती झटपट परतते. डुलणे मंद झाले, आणि कलण्याच्या टोकाला बोट क्षणभर विचार केल्यासारखी थांबू लागली, तर वजन वर गेले आहे असे समजावे. प्रवाशांना हे मंद डुलणे फार सुखाचे वाटते.

आमच्या लाँचचे वजन वर कसे गेले, याचे उत्तर छपरावर होते. पावसाळ्यातल्या दुरुस्तीत मालकाने जुने ताडपत्रीचे छप्पर काढून फळ्या आणि पत्रा घातला होता, सामानासाठी वर कठडा केला होता, आणि पिण्याच्या पाण्याची पाचशे लिटरची टाकी बसविली होती. अर्धी भरलेली टाकी म्हणजे परातीचाच प्रकार, तोही डोक्यावर! आम्ही मालकाला हे कागदावर आकृती काढून दाखविले. त्याने आकृती पाहिली नाही. आम्ही सर्व खलाशांनिशी लाँच सोडणार नाही असे सांगितले, तेव्हा पाहिली. टाकी उतरविली, कठडा काढला, वाळूच्या गोण्या तळाला मधोमध बांधल्या. दुसऱ्या भरतीला काठी लावली, तेव्हा दोन्ही बाजूंची उंची सारखी भरली.

तांडेलाचे आठ दिवस परत मिळायला पुढे चार महिने लागले. टाकी धक्क्यावर ठेवली आहे. प्रवासी लाँचमध्ये चढण्यापूर्वी तिचेच पाणी पितात.